खो कुणी दिला?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपल्या खो-खो मंडळाचा इतिहास लिहून द्या, असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा कार्यालयातल्या लोखंडी कपाटातून दोन गठ्ठे माझ्यापुढे आले. एका गठ्ठ्यात इतिवृत्ताची रजिस्टरे, पावतीपुस्तके, हिशेबाचे कागद आणि ढाली-चषकांची यादी होती. दुसऱ्यात शाळकरी आकाराच्या एकतीस वह्या होत्या. काहींची पुठ्ठ्यांची कव्हरे गळून पडलेली, काहींना वर्तमानपत्राचा कागद चढवलेला, आणि सगळ्या मिळून सुतळीने करकचून बांधलेल्या. पहिल्या गठ्ठ्यातला मजकूर पुढच्या पानांवर कोष्टकांत छापला आहे. अध्यक्ष कोण, चिटणीस कोण, कोणत्या साली कुठली ढाल आली, ते सगळे तिथे सापडेल. हा लेख दुसऱ्या गठ्ठ्यावरून लिहिला आहे.

त्या वह्यांना मंडळात 'खोवही' म्हणतात. गावच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी पहिली वही घातली आणि ते असेपर्यंत स्वतःच्या हाताने लिहिली. खो-खोचा गुणतक्ता ज्याने भरला आहे त्याला ठाऊक असते की कोण गडी किती वेळ पळाला, कितव्या मिनिटाला बाद झाला आणि कुणी बाद केला, एवढे त्यात येते. ज्याने बाद केले त्याला खो कुणी दिला, हे त्यात येत नाही. गुरुजींच्या वहीत फक्त तेच असे. पहिल्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर त्यांनी लिहून ठेवले आहे : 'गडी कोणी मारला ते पंच लिहितात. खो कोणी दिला ते आपण लिहावे.' नावांऐवजी त्यांनी चौकोनांचे आकडे घातले, एक ते आठ. मीही या लेखात खेळाडूंना त्यांच्या चौकोनाच्या आकड्यानेच ओळखणार आहे. नावे यादीत आहेतच.

आपल्या आश्रयदात्यांपैकी अनेकांनी मैदानावर कधी पाऊल टाकलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर आठ जण बसतात, एकाचे तोंड इकडे तर शेजारच्याचे तिकडे. नववा पळणाऱ्यांच्या मागे लागतो. पळणारा दोन बसलेल्यांच्या मधून सुळकन पलीकडे जाऊ शकतो, पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पट्टी ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत उलटही फिरता येत नाही. पलीकडे जायचे तर पलीकडे तोंड करून बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून मोठ्याने 'खो' म्हणायचे आणि त्याच्या जागी आपण बसायचे.

वाचायला हे सोपे वाटते. पण ज्याने ते केले आहे त्याला विचारा. गडी हातापासून वीतभर पुढे असतो. श्वास पेटलेला असतो. आणखी दोन पावले, मग हा आपलाच, असे सगळे अंग ओरडून सांगत असते. त्याच वेळी थांबायचे आणि जो इतका वेळ नुसता बसून होता त्याच्या हाती तो गडी सोपवायचा. त्याने हात लावला की टाळ्या त्याला पडतात. तुम्ही तेव्हा पट्टीवर उकिडवे बसलेले असता, आणि कित्येकदा तो गडी बाद झालेला तुम्हाला दिसतही नाही.

या खेळाचे पहिले नियम 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, असे आपल्याकडे सांगतात. आमच्या गावात तो आला 1973 च्या उन्हाळ्यात, पाझर तलावाच्या मातीवर.

1972 चा दुष्काळ तेव्हा सुरूच होता. आमच्या धाराशिव जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. विहिरींना तळ लागले होते, रेशनवर लाल मिलो मिळत होती, आणि गावातले निम्म्याहून जास्त हात खडी फोडायला किंवा तलावावर माती टाकायला जात होते. त्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. आईबाप कामावर, म्हणून पोरेही कामावर. दुपारी सुकडी वाटत, तेव्हा रांग एकच असे, पण सुकडी हातात पडली की पोरे आपापल्या वस्तीचा घोळका करून वेगवेगळ्या बाभळींखाली जाऊन बसत.

गुरुजी प्राथमिक शाळेवर सांगली भागातून बदलून आले होते. तिकडे ते खो-खो खेळले होते. सुट्टीतही पोरांची अक्षरओळख सुटू नये म्हणून ते रोज तलावावर जात. बांधासाठी दाबून घेतलेली सपाट माती पाहून त्यांनी तिथे काठीने पट्टी आखली, बाभळीचे दोन सोट तासून खांब रोवले आणि पोरांना बसवले. बसवताना एका वस्तीची दोन पोरे शेजारी येणार नाहीत, याची त्यांनी काळजी घेतली. ते काही बोलले नाहीत, पण पहिल्या वहीतला तो बसण्याचा क्रम मी पाहिला आहे. ज्याला गाव माहीत आहे त्याला तो एका दृष्टिक्षेपात कळतो.

चौथ्या दिवशी एका मुलाची आई डोक्यावरचे घमेले तसेच धरून मैदानाच्या कडेला आली. आमचे लेकरू त्या पोराच्या पाठीशी बसवू नका मास्तर, असे तिने सांगितले. तिचा राग नव्हता, भीती होती. घरी कळले तर काय होईल, ही. त्या वर्षी गावात पाण्यावरूनही बरेच काही घडत होते, आणि कोणती विहीर कुणाची हे दुष्काळातही कुणी विसरले नव्हते. गुरुजींनी वाद घातला नाही. ते म्हणाले, "बाई, हात न लावता दिलेला खो फाऊल असतो. हा नियम माझा नाही, खेळाचा आहे." ती थोडा वेळ उभी राहिली. मग घमेले घेऊन कामावर गेली. मुलगा बसून राहिला.

मंडळाची स्थापना मी त्या दुपारी झाली असे मानतो. कागदोपत्री नोंदणी 1975 ची आहे, आणि सुवर्णमहोत्सव त्या हिशेबाने साजरा होतो आहे, ते योग्यच. पण पहिली खोवही दोन वर्षे आधीची आहे. तिच्या पहिल्या पानावर आठ आकडे आणि त्यांच्यापुढे उभ्या रेघा आहेत. सगळ्यांत जास्त रेघा तिसऱ्या चौकोनापुढे आहेत. तो त्याच बाईचा मुलगा होता. तो एकही ढाल हातात घेतलेल्या फोटोत नाही, कारण तिसऱ्या वर्षीच तो मामाकडे पुण्याला हमालीला गेला. मंडळाच्या पन्नास वर्षांत एका हंगामात त्याच्याइतके खो कुणीच दिलेले नाहीत. मी एकतीस वह्या दोनदा मोजल्या.

पुढची दहा-बारा वर्षे मैदान उभे करण्यात गेली. ग्रामपंचायतीने गायरानातला तुकडा ठराव करून दिला. खडकाळ माळ होता. दर शनिवारी सरावाआधी प्रत्येकाने शंभर खडे वेचून कुंपणाबाहेर टाकायचे, असा नियम होता. कर्णधारालाही तो होता आणि पाहुणा म्हणून आलेल्या जुन्या खेळाडूलाही. फक्कीच्या रेघा मारायचा मान आळीपाळीने मिळे. त्या काळातल्या अध्यक्षांचे, दात्यांचे, मदत करणाऱ्या दुकानदाराचे आभार इतिवृत्तात आहेत. त्यांच्यावर मी अधिक लिहीत नाही, कारण त्यांना तसे आवडले नसते.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात जड होतो. 1986 च्या हिवाळ्यात मी कुमार संघाचा कर्णधार होतो. सहाव्या चौकोनातला माझा मित्र खांबावरून सूर मारण्यात आमच्या भागात पुढे होता. डाव्या हाताने खांब धरून तो सबंध अंग आडवे फेकी आणि पळणाऱ्याच्या टाचेला बोटांची टोके लावी. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी त्याचा घोटा मुरगळला आणि सुजून वांग्यासारखा झाला. गुरुजी प्रशिक्षणाला बाहेरगावी होते. निर्णय माझ्याकडे होता. मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईने दिलेला चहा प्यायलो आणि त्याला म्हणालो, "संघासाठी एवढं कर."

त्याने केले. घट्ट पट्टी बांधून तो उतरला. दुसऱ्या डावाच्या शेवटच्या मिनिटाला त्याने सूर मारला, गडी बाद झाला आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. तो मात्र उठला नाही. घोट्याचे बंध फाटले होते. नंतर तो चालू लागला, पण पुन्हा कधी तसा पळाला नाही. ती ढाल कोष्टकात अठराव्या क्रमांकावर आहे.

गुरुजी परत आल्यावर मी त्यांना गुणतक्ता दाखवला आणि खो कुणी कुणी दिले ते सांगितले. वहीत त्यांनी सगळ्या गड्यांपुढे खो देणाऱ्याचे आकडे लिहिले. शेवटच्या गड्यापुढे आकडा लिहिला नाही. तिथे दोन शब्द आहेत : 'कर्णधाराने मागितले.' मला ते रागावले नाहीत. संध्याकाळी मैदानावर सगळ्यांना बसवून त्यांनी एकच गोष्ट सांगितली. खो मिळण्याआधी उठणे हा फाऊल आहे, हे तुम्हाला पाठ आहे, मग दुसऱ्याकडून त्याचा पाय मागून घेणे काय आहे, ते तुम्ही सांगा. कुणी काही सांगितले नाही. महिनाभर सामने बंद राहिले. त्यानंतर मंडळाने ठराव केला, तो आजही भिंतीवर आहे : दुखापत झालेला खेळाडू उतरणार की नाही, हे डॉक्टर आणि तो स्वतः ठरवतील. कर्णधार, प्रशिक्षक किंवा पालक त्याला त्याबद्दल विचारणारही नाहीत. 'सांगणार नाहीत' असे आधीच्या मसुद्यात होते. गुरुजींनी ते खोडून 'विचारणारही नाहीत' केले.

त्या मित्राची आता गावात पिठाची गिरणी आहे. हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला वाचून दाखवला. गिरणी बंद करून, हातावरचे पीठ झटकत त्याने सगळा ऐकला आणि म्हणाला, "लिही. पर मी माझ्या मनानं बी खेळलो होतो, हे बी लिही. तू न्हाई आला असता तरी मी उतरलो असतो." मी दोन्ही लिहितो. त्याचे त्याने दिले असेल. मी मागितले, एवढे खरे आहे.

1993 च्या सप्टेंबरात अनंत चतुर्दशी 29 तारखेला होती. मिरवणुकीत आपल्या पोरांचे लेझीम रात्री उशिरापर्यंत चालले आणि सगळे दमून झोपले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आपल्या गावात भिंतींना भेगा पडल्या, भांडी पडली, माणसे वाचली. उजाडता उजाडता एसटीच्या चालकाकडून कळले की किल्लारी गेले, सास्तूर गेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड घरे झोपलेल्या माणसांवर बसली होती. ज्यांनी मराठवाड्यातले माळवद पाहिले आहे त्यांना ते वजन सांगायला नको.

कुमार संघ त्याच दिवशी ट्रकने सास्तूरकडे गेला. गुरुजींनी अठरा वर्षांखालच्या पोरांना नेऊ नये, असे गावातल्या काहींचे म्हणणे होते आणि मला ते आज बरोबर वाटते. त्यांनी तिथे जे पाहिले ते त्या वयात पाहायला नको होते. पण ते गेले. मी बरोबर होतो. पाऊस होता. ढिगाऱ्यावरून माती काढायला पोरांनी ओळ लावली, पण सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे, त्यामुळे भरलेले घमेले पुढे जाताना रिकामे परत येणाऱ्यावर आदळे. चौथ्या चौकोनातल्या मुलाने ओळ थांबवली आणि म्हणाला, पट्टीवर बसतो तसे उभे राहा. एकाचे तोंड इकडे, एकाचे तिकडे. मग भरलेली घमेली एका बाजूने जाऊ लागली आणि रिकामी दुसऱ्या बाजूने. कुणी बोलत नव्हते. एवढा वेळ त्या पोरांना गप्प मी कधीच पाहिले नव्हते.

चार दिवसांनी ते परतले. पुढच्या महिन्यात निवड चाचणी स्पर्धा होती. तिच्यासाठी गावाने वर्गणी जमवली होती. प्रवास, नवे बूट, बनियनवर छापायचे आकडे, असा सगळा हिशेब झाला होता. ते पैसे चादरी, कंदील आणि पातेल्यांसाठी द्यावेत, असे गुरुजींना वाटत होते. पण त्यांनी ते स्वतः ठरवले नाही. राखीव धरून बारा खेळाडूंना त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. हो किंवा नाही लिहायचे, नाव लिहायचे नाही. आधी वर्गणीदारांनाही विचारून घेतले होते.

वहीत त्या दिवशीची नोंद आहे : 'बारा चिठ्ठ्या. अकरा हो. एक नाही. ज्याने नाही लिहिले त्याचेही तेवढेच गेले.'

ती चिठ्ठी कुणाची, हे त्यांनी शोधले नाही. तिघांचे ते कुमार गटातले शेवटचे वर्ष होते. पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हते. त्यांच्यापैकी एकाने पंधरा वर्षांनी मला सांगितले की ती चिठ्ठी त्याची. त्याला वाईट वाटले होते आणि अजून वाटते. महाराष्ट्राच्या संघाचा शर्ट अंगात घालायचे त्याने सातवीपासून ठरवले होते. आपण युवकांना त्यागाच्या गोष्टी सांगतो तेव्हा त्यांतला हा भाग गाळतो, म्हणून तो इथे लिहिला. त्याचे गेले ते गेलेच. ते चादरींनी भरून निघाले नाही. सास्तूरच्या ज्या कुटुंबांना त्यांतून ऊब मिळाली त्यांचेही खरे, आणि त्याचेही खरे.

मुलींचा संघ 1998 मध्ये सुरू झाला, आणि पहिले वर्षभर तो संघ नव्हताच, कारण सातच मुली होत्या. ओढण्या कमरेला बांधून त्या खेळत. खरी अडचण मैदानाची होती. मैदान एक, खांबांची जोडी एक. संध्याकाळी पाच ते सात हा सरावाचा वेळ पहिल्यापासून मुलांचा. अंधारात मुलींना पाठवायला घरचे तयार नव्हते आणि त्यात त्यांचे चुकत नव्हते. मोठी मुले कुरकुरली, तीन बैठका झाल्या. शेवटी कुमार संघाने आपणहून संध्याकाळ सोडली आणि पहाटे साडेपाचला सराव सुरू केला. डिसेंबरात त्या माळावर पहाटे वारा कसा लागतो ते गावच्या माणसाला विचारा. त्या वर्षी दोन मुले सराव सोडून गेली. बाकीची उठत राहिली. आज सत्तावीस वर्षांनंतरही संध्याकाळ मुलींची आहे आणि नव्या मुलांना वाटते की ते नेहमी तसेच होते.

मुलींच्या बाबतीत त्याग हा शब्द मी जपून वापरतो. त्यांच्याकडून घरात तो इतका मागितला जातो की मैदानावर तरी कुणी मागू नये. भावाची परीक्षा आहे, ती घरी राहील. आई आजारी आहे, ती घरी राहील. 2004 च्या उन्हाळ्यात पाचव्या चौकोनातली मुलगी आठ दिवस आली नाही. चौकशी केली तर आईला कावीळ झालेली, आणि टँकरवरचे पाणी भरणे, भाकरी, धाकट्याचे सगळे तिच्यावर आलेले. तिचा खेळ सुटणार, हे आम्ही मोठ्यांनी जवळजवळ धरून चाललो होतो. मुलींनी धरले नाही. त्यांनी पाळ्या लावल्या. रोज दोघी जणी टँकर आला की तिच्या घरच्या घागरी भरून आणायच्या, एक जण धाकट्याला मैदानावर घेऊन यायची आणि तो खांबाजवळ मातीत खेळायचा. वीस दिवस हे चालले.

खोवहीत ते सगळे आहे. गुरुजींचे अक्षर तेव्हा थरथरू लागले होते. 'पाणी : दुसरा, सातवा. धाकटा : आठवा.' दुसऱ्या दिवशी, 'पाणी : पहिला, चौथा. धाकटा : तिसरा.' प्रत्येक ओळीपुढे गडी बाद झाल्यावर मारतात तशी एक उभी रेघ. अशी वीस ओळींची दोन पाने आहेत. स्मरणिकेत त्यांतल्या एका पानाचे छायाचित्र द्यावे, अशी मी संपादकांना विनंती केली आहे.

एकोणिसाव्या वहीच्या मध्यापासून अक्षर बदलते. तिथे गुरुजी गेले. पुढचे पान त्याच दिवसाचे आहे, कारण सराव बंद ठेवू नये असे त्यांनी सांगून ठेवले होते. ते पान गिरणीवाल्या मित्राने लिहिले आहे.

त्यानंतरच्या वर्षांतली सगळ्यांत मोठी गोष्ट आपल्या मंडळाबाहेर घडली. धाराशिवच्या सारिका काळे भारताच्या महिला संघाच्या कर्णधार झाल्या. 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या जिल्ह्यातली, आपल्यासारख्याच घरातली मुलगी. त्या बातमीनंतर मैदानावर मुलींना बसायला चौकोन पुरेनात. पूर्वी आम्ही घरोघर जाऊन मुली मागत असू, आता आया मुलींना हाताला धरून आणू लागल्या. सारिकाताईंना हे कुणी कळवले असेल की नाही, माहीत नाही. या लेखाची प्रत त्यांच्याकडे पाठवावी.

खेळही बदलला. 2022 मध्ये व्यावसायिक लीग आली, सामने मॅटवर, दिव्यांच्या झोतात होऊ लागले. तिथे 'वझीर' नावाचा खेळाडू आला. त्याला दिशेचे बंधन नाही, तो हवा तिकडे फिरतो. पाहायला ते देखणे आहे आणि पोरांना फार आवडते. मला मात्र खांब गाठेपर्यंत न वळणारा गडीच जास्त आवडतो, कारण त्याला दुसऱ्याची गरज पडते. हे माझ्या वयाचे मत असेल. मॅट मात्र हवी. आपल्याकडे अजून ती नाही. मातीत शिकलेले पोर मॅटवर पहिला सूर मारते तेव्हा कोपर सोलून घेते आणि पहिला डाव त्या भीतीतच जातो. पुढच्या फेऱ्या आता मॅटवर होतात. दात्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी, असे मी हात जोडून सांगतो.

राष्ट्रीय स्पर्धांत सर्वोत्कृष्ट खेळाडूला पुरस्कार असतात. मोठ्यांत एकलव्य आणि राणी लक्ष्मीबाई, कुमारांत वीर अभिमन्यू, मुलींत जानकी, किशोर-किशोरींत भरत आणि इला. ते मिळवणाऱ्यांविषयी मला आदर आहे. आपल्या मंडळात दसऱ्याला एक नारळ दिला जातो, तो खोवहीत ज्याच्या रेघा सगळ्यांत जास्त त्याला. प्रमाणपत्र नाही, फोटो नाही. नारळ तिथेच फोडायचा आणि सगळ्यांनी खायचा.

19 जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने होते. शाळेच्या मोठ्या खोलीत भिंतीवर चादर लावून आम्ही ते दाखवले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही भारतीय संघांचे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, आणि दोन्ही संघांनी नेपाळला हरवले. खोलीत ऐंशी-नव्वद पोरे होती. समालोचक गडी बाद करणाऱ्याचे नाव घेई, पडद्यावर त्याचा सूर पुन्हा दाखवत. आपली पोरे तोपर्यंत वेगळ्याच आकड्याने ओरडू लागली होती. मागच्या बाकावर दिल्लीहून सुट्टीला आलेला कुणाचा तरी पाहुणा बसला होता. त्याने मला विचारले, ही कुणाच्या नावाने ओरडतात? मी म्हणालो, ज्याने खो दिला त्याच्या.

बत्तिसावी वही या जूनमध्ये घातली. ती सातवीतल्या एका मुलीकडे आहे, दुसऱ्या चौकोनातली. लेख संपवण्यासाठी परवा संध्याकाळी मैदानावर गेलो तेव्हा ती खांबाला टेकून लिहीत होती आणि पेन्सिल थांबवून बसली होती. किशोरींचा सराव सामना झाला होता. एका मुलीने घाईत, पाठीला हात पोचायच्या आधीच खो म्हटला होता. पंचांनी फाऊल दिला, तेवढ्यात पळणारी निसटली.

"काका, हा लिहायचा का?" तिने विचारले. "दिला तर तिने. पण लागला नाही."

मी वही घेऊन मागची पाने चाळली. 1973 च्या पहिल्या वहीतही असे खो आहेत हे मला आठवत होते, गुरुजी त्यांच्यापुढे रेघ अर्धीच मारीत. मी तिला ते सांगितले. तिने आठव्या चौकोनापुढे अर्धी रेघ मारली, त्या रेघेकडे पाहिले, आणि खाली तारीख घातली.